तोट्यातला तालुका संघ सावरताना: शाखांना कुलूप लावण्याआधी उधारीची वही उघडा

एका तालुका शेतकरी सहकारी खरेदी-विक्री संघावर नुकतेच निवडून आलेले तरुण संचालक विचारतात, त्याचा सारांश असा. सोयाबीनचे भाव पडल्यापासून संघाची खत-बियाण्यांची विक्री घसरली आहे, शेतकऱ्यांकडील येणे बाकी वाढत चालली आहे, जिल्हा बँकेचे कॅश क्रेडिट (ठरावीक मर्यादेपर्यंत उचल देणारे कर्ज) खाते मर्यादेला टेकले आहे, आणि खासगी कृषी सेवा केंद्रे मात्र उधार देऊन गिऱ्हाईक ओढत आहेत. संचालक मंडळात तीन मते आहेत: गावांतील दोन शाखा बंद कराव्यात, उधारी वाढवून गिऱ्हाईक परत आणावे, किंवा बसस्थानकाजवळची गोदामाची जागा विकून बँकेचे देणे मिटवावे. यांतले काय करावे?

मी मराठवाड्यातील अशाच एका संघात गोदामपाल म्हणून लागलो आणि व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालो. तीनही मतांची माणसे मी सभागृहात एकमेकांवर ओरडताना पाहिली आहेत, आणि तिन्ही उपाय थोड्याफार प्रमाणात करूनही झाले आहेत. माझे उत्तर असे आहे की, या तिघांपैकी कशालाही हात घालण्याआधी संघाचा पैसा आज नेमका कुठे अडकून पडला आहे ते शोधावे. नफा-तोटा पत्रक हे सांगत नाही. ताळेबंदाची मालमत्तेची बाजू सांगते. संघ तोट्याने हळूहळू खंगतो, पण बुडतो तो अडकलेल्या पैशाने, आणि तोही बहुधा कागदोपत्री नफा दाखवलेल्या वर्षीच.

हे समजण्यासाठी युरियाची एक गोणी हाती घेऊ. 45 किलोच्या नीमकोटेड गोणीची छापील किंमत 266 रुपये 50 पैसे आहे आणि विक्रेत्याचे कमिशन 2018 पासून टनाला 354 रुपये आहे. म्हणजे एका गोणीमागे संघाला 15 रुपये 93 पैसे मिळतात. ही गोणी जूनच्या मध्यावर उधार दिली, पैसे डिसेंबरच्या मध्यावर आले आणि बँकेचा व्याजदर दरसाल 11 टक्के धरला, तर सहा महिन्यांचे व्याज 14 रुपये 66 पैसे होते. उरला सव्वा रुपया, आणि त्यातून हमाली, शाखेचे भाडे, विक्रेत्याचा पगार व फाटलेल्या गोणीची घट भागवायची आहे. तेच पैसे मार्चमध्ये आले तर व्याजच 22 रुपयांच्या घरात जाते, म्हणजे आपण शेतकऱ्याला गोणीमागे सहा रुपये पदरचे देऊन खत पोहोचवले. आता उलट हिशोब करा. दहा लाख रुपयांचा युरिया रोखीने विकला तर साधारण 60 हजार रुपये कमिशन सुटते, आणि तीच रक्कम एका खरिपात तीन वेळा फिरली तर पावणेदोन-दोन लाख. उधारीत तीच रक्कम वर्षात एकदाच फिरते. विक्री कमी झाली म्हणून आपण घाबरला आहात. मी आपल्या जागी असतो तर रक्कम किती वेळा फिरली हे आधी विचारले असते.

मग आपल्या आधीच्या पिढीने उधारीवरच संघ कसे चालवले, हा प्रश्न साहजिक आहे, आणि त्याचे उत्तर फारसे कुणी देत नाही. त्या काळी उधारी आणि शेतमालाची विक्री एकाच दोरीला बांधलेली होती. 1972 साली कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, शेतकऱ्याचा कापूस ठरलेल्या केंद्रावरच येऊ लागला आणि पीककर्जाची वसुली त्याच्या चुकाऱ्यातूनच कापली जाऊ लागली. पीककर्जातला खताचा भागही वस्तुरूपाने, परमिटावर मिळत असे. माल ज्याच्या दारात येतो त्याची उधारी बुडत नाही. पुढे ती योजना ओसरली, कापूस व सोयाबीन व्यापाऱ्याच्या काट्यावर जाऊ लागले, स्फुरद-पालाशाची खते 1992 मध्ये नियंत्रणमुक्त झाली, आणि दोरी सुटली. आपण मात्र उधारीची सवय तशीच चालू ठेवली. खासगी दुकानदार उधार देतो तो बहुधा त्याच शेतकऱ्याचा माल आडतीवर घेतो किंवा घेणाऱ्याशी त्याचे साटेलोटे असते. त्याच्या हातात अजून ती दोरी आहे. संघाच्या हातात ती नसताना त्याची नक्कल करणे हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

आणखी एक गोष्ट कडू वाटेल, पण सांगतो. आज तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडणाऱ्या शेतकऱ्याला राज्यात ते बिनव्याजी पडते. तो शेतकरी संघाकडे उधार मागायला फारसा येत नाही. येतो तो ज्याचे बँकेत कर्ज थकले आहे आणि ज्याला नवे मिळालेले नाही. म्हणजे बँकेने ज्याला नाही म्हटले त्यालाच आपण, त्याच्या सातबाऱ्याकडे न बघता, हो म्हणतो. तो लबाड असतो असे अजिबात नाही. बहुतेक वेळा तो अडलेला असतो. पण अडलेल्या माणसाला मदत करणे आणि इतर सभासदांचे भागभांडवल त्याच्या खात्यावर नावे टाकणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, आणि संचालक म्हणून आपली सही दुसऱ्या गोष्टीखाली असते.

कर्जमाफीच्या वर्षांचा अनुभव याहून बोलका आहे. 2017 ची दीड लाखांपर्यंतची आणि 2019 च्या डिसेंबरमध्ये जाहीर झालेली दोन लाखांपर्यंतची, या दोन्ही योजना बँका व सोसायट्यांच्या पीककर्जासाठी होत्या. संघाच्या दुकानाची उधारी त्यांत बसत नव्हती. तरी घोषणेची कुजबुज सुरू झाली की आमच्या काउंटरवरची वसुली थांबत असे. एक वयस्कर सभासद मला आठवतात. पावतीपुस्तक उघडे होते, पैसे त्यांच्या बंडीच्या खिशात होते, आणि ते म्हणाले, "साहेब, थोडं थांबू द्या, समदंच माफ व्हायलंय म्हणतेत." मी त्यांना समजावून सांगितले, ते मान हलवत ऐकून गेले, आणि पुढच्या हंगामात ते समोरच्या दुकानातून रोखीने खत नेताना दिसले. उधारी राहिली की गिऱ्हाईक तोंड चुकवते. पैसा आणि माणूस दोन्ही जातात. म्हणून "उधारी वाढवून गिऱ्हाईक परत आणावे" या मताला माझा विरोध केवळ हिशेबाचा नाही.

वसुलीची सुरुवात संचालक मंडळाच्या बैठकीतच करावी. खतावणीतून संचालक, माजी संचालक, कर्मचारी आणि त्यांचे जवळचे नातेवाईक यांच्या बाक्या वेगळ्या काढून पहिल्याच बैठकीत वाचाव्यात. थकबाकीदाराला समिती सदस्य म्हणून राहता येत नाही, ही महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 73 सीए मधील तरतूद सर्वांना तोंडपाठ असते, पण स्वतःच्या खात्यापाशी आली की विसरली जाते. आमच्याकडे हे वाचन झाले त्या दिवशी दोन जण सभा सोडून गेले आणि आठवड्याभरात दोघांनीही भरणा केला. ती बातमी तालुक्यात आमच्या नोटिसांच्या आधी पोहोचली, आणि त्यानंतर शिपायाला गावोगाव हिंडावे लागले ते कमीच.

उरलेल्या खात्यांत बुडवणारा आणि अडलेला हे दोन गट गावातल्या माणसाला विचारूनच वेगळे करता येतात, संगणकातून नाही. अडलेल्याकडून आधी बाकी मान्य केल्याची तारीखवार सही घ्यावी. मालाच्या किमतीच्या दाव्याला मुदतीच्या कायद्याने सर्वसाधारणपणे तीन वर्षे मिळतात आणि मुदत संपण्यापूर्वी लेखी कबुली मिळाली तर ती नव्याने मोजली जाते, त्यामुळे बिगर सभासदांच्या खात्यांत या एका सहीला फार मोल आहे. मग हप्ते दसरा, दिवाळी आणि तुरीच्या हंगामाला बांधून द्यावेत. जून-जुलैचा हप्ता कागदावर लिहूच नये, कारण त्या महिन्यांत शेतकऱ्याच्या घरात पैसा येत नाही, जातो. मुद्दल एकरकमी भरणाऱ्याला व्याजात सूट द्यायची असेल तर ती सर्वांना सारखी, ठराव करून आणि ठरावीक तारखेपर्यंतच द्यावी. जो देऊ शकतो पण देत नाही, त्याच्यावर सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 91 खाली सहकार न्यायालयात दावा लावावा. दावे थोडे असावेत, पण एकदा लावलेला दावा कुणाच्या फोनवरून मागे घेऊ नये.

आता रोखीकडे वळताना शेतकरी तुटू नये कसा, हा आपल्या प्रश्नाचा खरा गाभा आहे. शेतकरी उधारीसाठी जितका खासगी दुकानात जातो, तितकाच तो माल वेळेवर मिळतो म्हणून जातो. पेरणीच्या आठवड्यात डीएपी या खताची गोणी ज्याच्याकडे आहे तोच त्या वर्षीचा राजा. त्यामुळे अक्षय्य तृतीयेपासून गावोगावच्या विविध कार्यकारी सोसायट्यांमार्फत आगाऊ नोंदणी घ्यावी, गोणीमागे थोडी रक्कम अनामत घ्यावी, आणि त्या नोंदणीचा कागद घेऊन मार्कफेड, इफको, कृभको या खत पुरवणाऱ्या सहकारी संस्थांच्या जिल्हा प्रतिनिधींकडे जावे. आजूबाजूच्या दोन-तीन संघांनी मागणी एकत्र केली तर रेक पॉइंटवरून, म्हणजे खताची मालगाडी उतरते त्या रेल्वे स्थानकावरून, थेट ट्रक गावात उतरवता येतो आणि गोदामातली एक चढ-उतार वाचते. खताच्या धंद्यात वाचलेली हमाली हाच नफा असतो. शेतकऱ्याकडे किसान क्रेडिट कार्ड असेल तर ते दुकानात चालेल अशी सोय करावी, म्हणजे उधारी बँकेच्या वहीत राहते आणि रोख आपल्या.

येथेच लिंकिंगचा विषय निघतो. हंगामात डीएपी हवे असेल तर सोबत विद्राव्य खते किंवा इतर न खपणारी उत्पादने घ्या, अशी अट पुरवठादारांकडून तोंडी घातली जाते. लेखी कधीच नसते. एका वर्षी आम्ही ती अट मान्य केली आणि तो सोबतचा माल दोन वर्षे गोदामाच्या कोपऱ्यात दगड होऊन पडला. दुसरा वाईट पर्याय म्हणजे तो शेतकऱ्याच्या गळ्यात मारणे, आणि तेथे संघ व खासगी दुकान यांत काही फरक उरत नाही. आमचा नंतरचा शिरस्ता असा होता की, अशी अट आली की ती तारखेसह नोंदवून कृषी अधिकाऱ्यांना पत्र द्यायचे आणि त्याची प्रत नोटीस फलकावर लावायची. दर वेळी माल मिळाला असे नाही. पण गोणी का आली नाही हे शेतकऱ्याला फलकावर वाचायला मिळत होते, आणि त्या कागदाने जितका विश्वास मिळवला तितका कोणत्याही जाहिरातीने मिळवला नसता.

बियाण्यांत तर संघाला मोठी संधी आहे. 2020 च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही अशा तक्रारी राज्यभर झाल्या. त्या जूनमध्ये आमच्या दारात रोज माणसे रिकाम्या चेहऱ्याने उभी असत. पुढच्या वर्षी उन्हाळ्यातच आम्ही काउंटरशेजारी एक टेबल मांडले. ओले गोणपाट अंथरायचे, त्यावर दहा ओळींत शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचे आणि सहा-सात दिवसांनी शेतकऱ्यासमोर उलगडून मोजायचे. सत्तर कोंब आले तर बियाणे प्रमाणित मानकाला उतरले. साठच आले तर एकरी बियाणे वाढवा. त्याहून खाली असेल तर ते बाजारात विका, पेरू नका. घरचे बियाणे आणणाऱ्यासाठी हे फुकट होते. सोयाबीन स्वपरागीत पीक असल्याने चांगले बियाणे दोन-तीन हंगाम घरचे वापरता येते, हे सांगितल्याने आमची पिशव्यांची विक्री घटेल अशी ओरड झाली, आणि ती थोडी घटलीही. पण चाळणी व स्पायरल यंत्रावर घरचे बियाणे स्वच्छ करून देण्याचे काम आम्ही क्विंटलमागे दर ठरवून सुरू केले. त्या यंत्राच्या गोल घसरगुंडीवरून गोल दाणे वेगाने बाहेरच्या वाटेने पडतात आणि फुटके, चपटे दाणे आतल्या वाटेने रेंगाळत उतरतात. मुले ते पाहायला गर्दी करत. या कामात माल शेतकऱ्याचा, भांडवल त्याचे, आणि मजुरी रोख. मंदीत अशीच कामे शोधावीत ज्यांत संघाचा पैसा गुंतत नाही.

कीटकनाशकांबाबत थोडक्यात इतकेच, की त्यांतला जास्त नफा पाहून गोदाम भरू नये. मुदतबाह्य बाटली म्हणजे केवळ खरेदी किमतीचे नुकसान नव्हे. ती नष्ट केली किंवा निर्लेखित केली की तिच्यावर घेतलेले 18 टक्के जीएसटीचे क्रेडिटही उलटवावे लागते. माल परत घेण्याची तारीख खरेदीच्या बिलावरच लिहून घ्यावी आणि ऑगस्टअखेर प्रत्येक शाखेतील बाटल्या मुदतीच्या क्रमाने हाताने मोजाव्यात.

हमीभावाची शासकीय खरेदी हा अनेक संघांना आधार वाटतो. तो आहेही, पण त्यात उतरताना घटीचा हिशोब डोळ्यांसमोर ठेवावा. 2016-17 च्या तुरीत आणि 2024-25 च्या सोयाबीनमध्ये बारदान्याअभावी केंद्रांवर काय झाले हे सर्वांनी पाहिले आहे. माल वजन करून घेतला, पण गोण्या नाहीत आणि वखारीत जागा नाही, अशा स्थितीत तो आपल्या ओट्यावर पडून राहतो. 12 टक्के ओलाव्याने घेतलेले 100 क्विंटल सोयाबीन वखारीत पोहोचेपर्यंत वाळून 10 टक्क्यांवर आले, तर ते पावणेअठ्ठ्याण्णव क्विंटल भरते. 2024-25 च्या 4,892 रुपये भावाने ही सव्वादोन क्विंटलची तूट जवळपास 11 हजार रुपयांची होते, आणि मंजूर घटीपलीकडचे पैसे संघाच्या कमिशनमधून जातात. म्हणून रोजचा माल रोज पाठवता येईल तितकीच नोंदणी दिवसाला बोलवावी, ओलावामापक यंत्र हंगामापूर्वी तपासून घ्यावे आणि कमिशनचे पैसे या वर्षीच्या खर्चाच्या अंदाजपत्रकात धरू नयेत, कारण ते हाती येईपर्यंत अनेकदा पुढची पेरणी आलेली असते.

शाखांचा निर्णय या सगळ्यानंतर घ्यावा. प्रत्येक शाखेची विक्री न पाहता, तिच्यात गुंतलेली रक्कम आणि तिने दिलेली रोख यांचा तक्ता मांडावा. आमच्याकडे सर्वांत जास्त विक्रीची शाखाच सर्वांत जास्त पैसा गिळत होती आणि लहानशी, एका खोलीतली शाखा जवळजवळ रोखीवर चालत होती; विक्रीच्या आकड्यावर गेलो असतो तर चुकीच्या दाराला कुलूप लावले असते. जी शाखा खरोखर परवडत नाही ती बंद करण्याऐवजी त्या गावच्या सोसायटीला खत विक्रीचा परवाना काढायला मदत करून तिला घाऊक माल द्यावा. आपला विक्रेता तिकडे आठवड्यातून दोन दिवस बसला तरी पुरते. पॉस यंत्रावरील (शेतकऱ्याचा अंगठा घेऊन खताची विक्री नोंदवणारे यंत्र) साठा आणि गोदामातील साठा मात्र रोज संध्याकाळी जुळलाच पाहिजे. घाईत दहा जणांच्या गोण्या एकाच्या अंगठ्यावर टाकण्याची सवय एका शाखेत लागली होती, आणि तपासणीत परवाना निलंबित होऊन ऐन जुलैत ते दुकान बंद राहिले. चूक आमचीच होती.

कर्मचारी कमी करायची वेळ आलीच तर काउंटरवरचा जुना माणूस शेवटपर्यंत ठेवावा. कोणत्या गावात कुणाच्या विहिरीला पाणी आहे आणि कुणाचा मुलगा नोकरीला लागला, हे त्याच्या डोक्यात असते. वसुलीही त्यानेच होते.

सनदी लेखापालांशी एक विषय स्वतंत्रपणे बोलावा. सभासदांना पुरवण्यासाठी बियाणे, अवजारे व शेतीला लागणारा इतर माल खरेदी करण्याच्या व्यवसायातील नफ्याला 1961 च्या प्राप्तिकर कायद्यात कलम 80 पी खाली पूर्ण वजावट ठेवली होती. सभासद व बिगर सभासद यांची विक्री बिलावरच वेगळी नसेल तर असा दावा करताना अडचण येते. अनेक नियमित गिऱ्हाइके केवळ कुणी विचारले नाही म्हणून सभासद झालेली नसतात. त्यांना भाग देऊन सभासद करून घेतले तर भागभांडवलही थोडे वाढते. नफा झालाच तर त्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकणे कायद्यानेच बंधनकारक आहे, पण संशयित बाक्यांची पूर्ण तरतूद न करता दाखवलेला नफा वाटू नये, मग सर्वसाधारण सभेत लाभांशासाठी कितीही आरडाओरड होवो. मी अशा एका सभेत माईक बंद पडल्याचे नाटकही केलेले आहे.

राहिली बसस्थानकाजवळची जागा. ती विकून बँक मोकळी झाली आणि उधारीची वही तशीच उघडी राहिली, तर दोन-तीन हंगामांत कॅश क्रेडिट पुन्हा मर्यादेला टेकेल आणि तेव्हा विकायला काही नसेल. त्या जागेच्या रस्त्याकडील बाजूला गाळे काढून भाड्याने दिले तर दरमहा येणारी रोख शाखांचे पगार काढू शकते. मात्र भाडेकराराचा मसुदा करण्यापूर्वी त्या जागेचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणि मूळ वाटपाचा आदेश काढून वाचावा. अनेक संघांच्या जागा शासनाकडून विशिष्ट प्रयोजनासाठी, भोगवटादार वर्ग 2 म्हणून, म्हणजे अटींसह, मिळालेल्या आहेत, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय त्यांवर गाळे चढवले तर शर्तभंगाची नोटीस पहिल्या भाड्याच्या आधी येते.